रविवारी बघू

मीरा-भाईंदरचा माणूस आजारी पडतो तो रात्री साडेनऊच्या पुढे. याला वैद्यकशास्त्रात आधार सापडणार नाही, पण पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकात सापडेल. सकाळी सात ते नऊ तो गाडी पकडत असतो. त्या वेळी घसा दुखत असला तरी तो आपलाच आहे हे कळायला सवड नसते. नऊ ते सहा तो अंधेरीला, लोअर परळला नाहीतर चर्चगेटला असतो. तिथे अंग मोडून आलंच, तर साहेब सहानुभूतीने मान डोलावतात, 'आज लवकर निघा' म्हणतात आणि साडेसहाला सोडतात. परतीच्या गाडीत आजारी पडायला जागाच नसते. चक्कर येऊन पडावं म्हटलं तरी चारी बाजूंनी माणसं धरून असतात, पडू देत नाहीत. मग घरी येऊन, पाय धुऊन, वरणभात खाऊन तो टीव्हीसमोर टेकतो आणि शरीर दिवसभराची थकबाकी मागायला लागतं. "अगं, जरा कपाळाला हात लावून बघ. कणकण आहे का?" बायको हात लावते. कणकण असते. पण ज्या फुकटच्या दवाखान्यासाठी तो इमानेइतबारे मालमत्ता कर भरतो, त्याची ओपीडी केव्हाच आटोपलेली असते.

ओपीडीची वेळ ठरवणाऱ्यांचा यात दोष म्हणावा तर तेही अवघड. त्यांनी ती गावासाठी ठरवली होती. आमचं गाव मिठागरांचं, भातशेतीचं आणि मासेमारीचं. नगरपरिषद आली 1985 साली, महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 रोजी. मधल्या काळात काय झालं ते जनगणनेला विचारा. 1991 साली पावणेदोन लाख माणसं, 2001 साली पाच लाख वीस हजार, 2011 साली आठ लाखांच्या वर. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचे सगळे जण अजून कागदावर यायचे आहेत. या आठ लाखांतले निम्मे तरी पाहुणे आहेत असं भरदुपारी शांतीनगरच्या सेक्टरांतून चालताना वाटतं. ग्रिलमध्ये वाळत घातलेले शर्ट आहेत, त्यातली माणसं नाहीत. माणसं मुंबईला. आमचं शहर म्हणजे रात्रपाळीचं शहर. सगळे इथे झोपण्याची ड्यूटी करायला येतात. आणि दवाखाना मात्र दिवसपाळीला. गेली कित्येक वर्षं हे दोघे एकमेकांना फक्त रविवारी भेटू शकले असते, आणि रविवारी दवाखाना बंद.

आमच्याकडचा खासगी डॉक्टर हे गणित केव्हाच शिकला. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचा छोटासा गाळा, एका बाजूला पोळीभाजी केंद्र, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्ती. पाटीवर वेळ: सकाळी 10 ते 1, संध्याकाळी 6 ते 10, आणि त्याखाली जणू वाचणाऱ्याला वाईट वाटू नये अशा बारीक अक्षरांत, 'रविवार संध्याकाळ बंद'. प्रत्यक्षात डॉक्टर साडेसातला उगवतात, कारण त्याआधी पेशंट स्टेशनलाच उतरलेला नसतो. शेवटचा पेशंट अकराला निघतो. या डॉक्टरांचा अनुभव दांडगा. ते "काय होतंय?" असं विचारतच नाहीत. "गाडी कुठली?" असं विचारतात. विरार फास्टने येणारा असेल तर खांदा आणि बरगडी. कारण मीरा रोडला उतरण्यासाठी दहिसरपासून जे करावं लागतं त्याला कुस्तीत डाव म्हणतात. भाईंदर स्लोने येणारा असेल तर मान. त्याला बसायला मिळतं, तो झोपतो आणि शेजाऱ्याचा खांदा नेमका दोन इंच खाली असतो. निदान झालं की तीन दिवसांच्या गोळ्या, 'तेलकट बंद', आणि फी. ही फी ज्याला जड जात नाही त्याला हा लेख वाचायचं कारण नाही. ज्याला जड जाते तो पुढच्या ओपीडीत जातो.

ती म्हणजे औषधांचं दुकान. शहरातली रात्रीची सगळ्यात मोठी ओपीडी तीच. तिथे नंबर लावावा लागत नाही, केस पेपर काढावा लागत नाही, बसायला बाक नसल्यामुळे वाट बघावी लागतेय असंही वाटत नाही. "सर्दी, ताप, अंगदुखी, सगळ्यावर चालेल असं काहीतरी द्या. उद्या ऑफिस आहे." काउंटरमागचा मुलगा मागे न बघता हात मागे नेतो आणि बरोबर त्या खणातून पट्टी काढतो. खरी करामत पुढे होते. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकमधले दोनच दिवस विकत घेणारा ग्राहक मी तिथेच पाहिला. "दोन दिवसांत बरं वाटलं तर उरलेल्या तिनाचं काय करू?" असा त्याचा बिनतोड प्रश्न. जंतूंनाही अर्धवट मार देऊन सोडलं तर ते शहाणे होऊन परत येतात, हे त्या काउंटरवर सांगणारं कुणी नसतं. आणि ज्यांनी सांगायचं ते दुपारीच घरी गेलेले. मला विचाराल तर दवाखान्याच्या वेळेची खरी किंमत त्या उरलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांत आहे. पण मला कुणी विचारलेलं नाही.

तिसरी ओपीडी धावती आहे. लोकलच्या डब्यात तज्ज्ञ कायम हजर असतात. आमच्या सकाळच्या गाडीतल्या भजनी मंडळात एक बुवा आहेत, ते टाळ वाजवता वाजवता मूतखड्यावर पानफुटी सांगतात. लेडीज डब्यात मटार सोलता सोलता थायरॉइडपासून सुनेपर्यंत सर्व ग्रंथींची चर्चा होते. या निदानाला पैसे पडत नाहीत. अट एकच, ते बोरिवलीच्या आत उरकावं लागतं, कारण बोरिवलीला जी गर्दी चढते तिच्यात डॉक्टर आणि पेशंट यांची ताटातूट होते. कित्येक जण अर्ध्या उपचारावर आहेत. बुवांनी पानफुटी कशाबरोबर घ्यायची सांगितलं होतं ते ऐकूच आलं नाही.

स्टेशनावरच डॉक्टर बसवावा ही कल्पना खरोखर एकदा निघाली होती. 2017 साली मध्य रेल्वेच्या काही स्टेशनांवर 'एक रुपयात तपासणी' असे दवाखाने सुरू झाले. दिल्लीत त्याआधी 2015 साली मोहल्ला क्लिनिक आलं, त्याच्या वाऱ्या करून पुढारी परतले आणि मग ठाण्यात 'आपला दवाखाना' निघाला. पण सगळ्यात मजेदार कागद याहून जुना आहे. 2013 साली केंद्राने राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान काढलं. त्याच्या आराखड्यात साधारण 50,000 वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, ते शक्यतो झोपडवस्तीत किंवा तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, आणि तिथे सायंकाळच्या ओपीडीची तरतूद, असं छापलेलं आहे. सायंकाळच्या! दिल्लीतल्या एखाद्या सचिवाचा मेहुणा नक्की मीरा रोडला राहत असणार, त्याशिवाय हे सुचायचं नाही. तरतूद झाली. पण तरतूद आणि ट्यूबलाइट यांच्यात जे अंतर असतं ते कापायला सरकारी खात्याला सवड लागते, आणि 'सायंकाळ' म्हणजे नक्की किती वाजता यावर ज्याच्या त्याच्या खुर्चीचं वेगळं मत असतं. बऱ्याच ठिकाणी ते दुपारी चार असं निघालं.

मुंबई महापालिकेने 2022 च्या अखेरीस 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' सुरू केला, त्याच्या पोर्टा केबिनवर वेळ लिहिली सकाळी 7 ते दुपारी 2 आणि दुपारी 3 ते रात्री 10. रक्तालघवीच्या 147 चाचण्या फुकट. मग 1 मे 2023 रोजी, महाराष्ट्रदिनी, एकाच दिवशी राज्यभरात असे 317 दवाखाने उघडले आणि त्यांची वेळ ठरली दुपारी 2 ते रात्री 10. हे वाचून मी चष्मा पुसला. रात्री 10! म्हणजे मंत्रालयातल्या कुणीतरी पहिल्यांदा रेल्वेचं वेळापत्रक हातात घेऊन शासन निर्णय लिहिला होता. मीरा-भाईंदरच्या वाट्यालाही असे दवाखाने आले. पूर्ण नाव बोर्डावर मावतं, तोंडात मावत नाही. लोक म्हणतात, 'आपल्यात जाऊन आलो.'

आता दुपारी 2 ला दवाखाना उघडायचा हा विचार ज्याच्या डोक्यात आला तो मराठी नसावा असं आधी वाटलं. दुपारी दोन ते चार ही आपल्याकडे औषध घ्यायची नव्हे, आडवं व्हायची वेळ. या वेळात दवाखान्यात काळं कुत्रं येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि म्हणून मी मुद्दाम त्याच वेळात गेलो. बाक भरलेले. घरकाम करणाऱ्या बायका होत्या. सकाळच्या पाच घरांची भांडी झालेली, संध्याकाळच्या तीन घरांची व्हायची. मधले हे दोन तास त्यांचे स्वतःचे, आणि एरवी हे दोन तास कुठल्याच दवाखान्याच्या पाटीवर नव्हते. रात्रपाळी करून सकाळी झोपलेला आणि नुकताच उठलेला वॉचमन होता. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातला एक कामगार हाताला फडकं गुंडाळून आला होता, दुसऱ्या हातात डबा. शहरातली ही दुपार मी कधी पाहिली नव्हती. ती मुंबईला असलेल्यांना दिसतच नाही, आणि निवृत्त असलेले झोपलेले असतात.

चारला निवृत्त मंडळी उठतात, चहा घेतात आणि येतात. यांना काहीही झालेलं नसतं. ते बीपी बघायला येतात, म्हणजे आपलं नाही, एकमेकांचं. "तुमचं किती आलं? वरचं? माझं गेल्या वेळी एकशे बावन्न होतं." ज्याचं जास्त त्याचा मान जास्त. सहानंतर शाळेतून क्लासला आणि क्लासमधून दवाखान्यात आणलेली मुलं. त्यांच्या पाठीवर दप्तर आणि गळ्यात बाटली तशीच, डॉक्टर स्टेथोस्कोप लावायला मोकळी जागा शोधतात. आणि साडेसातपासून खरा लोंढा. बाहेर रिक्षातून उतरतानाच माणूस खिशातून आधार कार्ड काढत येतो. दारातच विचारतो, "किती नंबर आहेत पुढे?" सिस्टर सांगतात, "अकरा." तो घड्याळ बघतो. अकरा नंबर म्हणजे किती मिनिटं हे त्याला डोक्यात येत नाही. त्याला डोक्यात येतं, अकरा नंबर म्हणजे दहिसर ते वांद्रे.

या लोंढ्याचं बीपी मोजणं हे एक शास्त्र आहे. पुस्तकात लिहिलंय की पेशंटला पाच मिनिटं स्वस्थ बसवावं, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, बोलायचं नाही, आणि मग मोजावं. विरार फास्टमधून आत्ताच सुटलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला तर पारा जिथे जाईल त्या आकड्यावर त्याला थेट टेंभ्याला पाठवावं लागेल. (टेंभा म्हणजे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. गावाला ते नाव ठाऊक आहे, पण रिक्षावाल्याला सांगून बघा.) म्हणून सिस्टर त्याला बाकावर बसवतात, "पाच मिनिटं शांत बसा, मोबाइल बघू नका." माणूस गोंधळतो. एवढी पाच मिनिटं त्याच्याकडून आजवर कुणी फुकट मागितली नव्हती. पहिल्या मिनिटाला तो खिसा चाचपतो, दुसऱ्या मिनिटाला भिंतीवरचं डेंग्यूचं पोस्टर वाचतो, तिसऱ्या मिनिटाला ते पाठ होतं, आणि चौथ्या मिनिटाला झोपतो. मग त्याचं बीपी उत्तम येतं. "काही नाही झालं तुम्हाला, झोप कमी आहे," असं डॉक्टर सांगतात. हे त्याला पसंत पडत नाही. एवढ्या लांबून आलोय, निदान एखादं इंजेक्शन तरी?

शुगरची गोष्ट आणखी अवघड. उपाशीपोटी तपासायची शुगर सकाळची. रात्री आठच्या दवाखान्यात उपाशीपोटी कोण येणार? येतात. संकष्टीला येतात. "डॉक्टर, सकाळपासून उपास आहे, चंद्रोदय नऊ-बारा आहे, तोवर रक्त घेऊन टाका." डॉक्टर विचारतात, काहीच खाल्लं नाही? "काही नाही. साबुदाण्याची खिचडी, दोन केळी, बटाट्याचा कीस आणि गोड लस्सी. बाकी कडक." हा हिशेब ऐकून तरुण डॉक्टरने डोळे मिटले, कदाचित स्वतःचं बीपी मोजत असेल. अशा वेळी एचबीएवनसी नावाची चाचणी कामाला येते. तिला उपाशी राहावं लागत नाही, ती कुठल्याही वेळी चालते आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते सांगते. म्हणजे चतुर्थीला खाल्लेल्या खिचडीपासून गणपतीतल्या मोदकांपर्यंत सगळ्याची चुगली एका आकड्यात. दवाखाना रात्रीचा करायचा तर चाचण्याही रात्रीला शोभतील अशा लागतात, ही गोष्ट घोषणेच्या मंडपात कुणाला सुचत नाही.

आणखी एक सुचत नाही. दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा ठेवणं म्हणजे कुलूप उशिरा लावणं, असा आपला समज असतो. त्या कुलपाच्या आत माणसं लागतात. एमबीबीएस डॉक्टर लागतो, त्यासाठी 'थेट मुलाखत' अशी जाहिरात येते, कंत्राटी मानधन महिना 60,000. समोरच्या मोठ्या रुग्णालयाशी आणि पुढच्या शिक्षणाशी या आकड्याची झुंज असते. त्यामुळे बरेचदा जो मिळतो तो पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत असतो. टेबलावर स्टेथोस्कोपखाली चार पर्यायांच्या प्रश्नांचं जाड पुस्तक. "डॉक्टर, पोटात दुखतंय," म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर अ, ब, क, ड असे चार पर्याय एकामागून एक उमटताना मी पाहिलेत. तो चांगला डॉक्टर असतो, आणि म्हणूनच वर्षभरात परीक्षा पास होऊन निघून जातो. नापास झाला तर आपल्याकडे राहतो. आता त्याच्यासाठी देवाला काय मागायचं?

सिस्टरना रात्री दहाला घरी जायचं असतं, आणि त्याही बहुतेक वसई-विरारकडच्या. त्यांना मिळणारी गाडी कुणी शासन निर्णयात लिहिलेली नसते. औषधं देणारा, सफाई करणाऱ्या मावशी, रक्ताच्या बाटल्या घेऊन जाणारा प्रयोगशाळेचा पोऱ्या, या सगळ्यांची संध्याकाळ विकत घेऊन आपली संध्याकाळ सोयीची होते. साडेनऊला आलेला पेशंट "दहापर्यंत वेळ आहे ना?" असं पाटीवर बोट ठेवून विचारतो तेव्हा त्याला हे आठवत नाही. त्याने स्वतःच्या ऑफिसात पाच पंचावन्नला आलेल्या माणसाकडे कसं पाहिलं होतं, तेही आठवत नाही.

विलायतेतही हेच रडगाणं आहे हे ऐकून बरं वाटलं. तिथे ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या गटांना सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते आठ आणि शनिवारी नऊ ते पाच अशी जादा वेळ द्यायला लावली. म्हणजे ज्या साली आमच्या शेजारच्या मुंबईत पोर्टा केबिन रात्री दहापर्यंत उघड्या राहिल्या, त्याच साली साहेबाच्या देशात आठपर्यंत. यात आपण दोन तासांनी पुढे आहोत. साहेबाला एवढीच सवलत द्यायला हवी की त्याला विरार फास्टमधून उतरायचं नसतं.

पण संध्याकाळ म्हणजेच सोय, हे गणितही सगळ्या शहराला लागू नाही. स्टेशनपासून पश्चिमेला राई-मुर्धे-मोर्वा ओलांडून उत्तनला गेलात की घड्याळच बदलतं. तिथल्या कोळ्याला तुमचे दोन ते दहा काय कामाचे? बोट गेली की गेली. ती भरतीच्या हिशेबाने येते, आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. बोट रात्री लागली तर मासळी उतरवायची, पहाटे बायकोने बाजार गाठायचा. आठवड्याची सुट्टी हा प्रकार त्या धंद्यात नाही. त्यांचा रविवार वर्षातून एकदा येतो आणि तो दोन महिने टिकतो: 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंदी. दाताचं, गुडघ्याचं, मोतीबिंदूचं, वर्षभर पुढे ढकललेलं सगळं त्या दोन महिन्यांत निघतं. नेमके तेच दिवस पावसाचे, म्हणजे ताप, काविळी आणि गॅस्ट्रोचे. दोन्ही गर्दी एकाच बाकावर बसते. उत्तनला रात्रीच्या दवाखान्याइतकीच जून-जुलैच्या जादा दवाखान्याची गरज आहे असं मला वाटतं, पण भरतीओहोटीचं कोष्टक बघून रोस्टर लावणारा वैद्यकीय अधिकारी अजून जन्माला यायचा आहे. आला तर त्याला मी स्वतः बोंबील नेऊन देईन.

आता रविवार. आठवडाभरातली प्रत्येक तक्रार आमच्याकडे 'रविवारी बघू' या रकान्यात जमा होते. सोमवारी दाढ, मंगळवारी कंबर, बुधवारी आईच्या पायाची सूज, गुरुवारी मुलाचा राहिलेला डोस. रविवारी माणूस आठला उठतो. आधी मटणाच्या रांगेत उभा राहतो, कारण ती रांग चुकली तर दुपार गेली. मग पाणी किती वाजता येणार आणि किती वेळ येणार याचा शोध. मग सोसायटीची मीटिंग. मग मटण. मग झोप. पाचला उठल्यावर त्याला दाढ, कंबर, सूज आणि डोस आठवतात, आणि तो चपला घालून खाली उतरतो. खासगी डॉक्टरची पाटी: रविवार संध्याकाळ बंद. सरकारी केंद्र: त्याला तर रविवारची सकाळही बंद. ताप आलेल्या पोराला घेऊन तो शेवटी टेंभ्याच्या अपघात विभागात जातो. तिथे महामार्गावर आपटलेल्या मोटरसायकलवाल्याला टाके घालणारा डॉक्टर मान वर करून विचारतो, "कधीपासून ताप आहे?" "गुरुवारपासून." डॉक्टर काही बोलत नाही. तो बोलत नाही यात त्याचं सगळं शिक्षण दिसतं.

राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. तापाने अजून तो स्वीकारलेला नाही.

हा विषय शेवटी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आला. ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आम्ही ती शेवटच्या रविवारी घेतो. पार्किंग, गळती आणि लिफ्ट यांवर अडीच तास गेले. मग 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुद्दा काढला: रात्री दवाखाना असतो तसा रविवारीही असावा, आणि आपल्या आरोग्य केंद्राची ओपीडीही संध्याकाळी सुरू करावी, असं निवेदन आपण द्यावं. टाळ्या. एकमत. इतकं एकमत आमच्याकडे गळतीवरही कधी झालेलं नाही. चेअरमन म्हणाले, शिष्टमंडळ नेऊ. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे मोबाइलवर मजकूर टाइप केला, 'नोकरदार वर्गाची होणारी कुचंबणा' हा शब्दप्रयोग सर्वांना आवडला. बत्तीस सह्या झाल्या. मग कुणीतरी विचारलं, साहेब भेटतात कधी?

सेक्रेटरींनी सोमवारी फोन लावून विचारलं आणि ग्रुपवर टाकलं: अभ्यागतांसाठी वेळ, सोमवार ते शुक्रवार, दुपारी 3 ते 5.

ग्रुपवर शांतता पसरली. चेअरमनना बीकेसीत क्लायंट होता. वहिनींची शाळा गोरेगावला. पहिल्या मजल्यावरच्या दादांची रजा गणपतीत संपलेली. अर्धा दिवस टाकायचा तर पगार कापला जातो, आणि रविवारी दवाखाना हवा म्हणून बुधवारचा पगार कापून घेणं हिशेबात बसेना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, मी जातो. काका बँकेतून निवृत्त, वय बहात्तर, पायात बूट आणि खिशात पेन, सदैव तयार. बत्तीस सह्यांचं निवेदन घेऊन एकटे काका शिष्टमंडळ म्हणून गेले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला, निवेदन वाचलं, शिक्का मारून पोच दिली आणि सौजन्याने विचारलं, "काका, तुमची स्वतःची काही सूचना?"

काकांनी पोचपावतीची प्रत ग्रुपवर टाकली तेव्हा आम्ही ती मोठी करून वाचली. छापील मजकूर आमचाच होता, रविवार, संध्याकाळ, नोकरदार वर्ग, सगळं. त्याखाली काकांच्या बँकेतल्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवलेली: 'तसेच ज्येष्ठ नागरिकांना संध्याकाळी गर्दीचा त्रास होत असल्याने ओपीडी सकाळी 7 वाजता सुरू करून दुपारी 12 वाजता बंद करावी, ही नम्र विनंती.'

साहेबांनी त्या ओळीसमोर हिरव्या शाईने लिहिलं होतं: 'तपासून सादर करावे.'